भरती दिवसातून एकदाच

हनोईतल्या हॉटेलासमोर सकाळी आठच्या सुमारास जी गाडी येते तिला तिकडे ‘लिमोझिन’ म्हणतात. असते ती नऊ-दहा माणसांची व्हॅन. खुर्च्या मात्र ऐसपैस, छताला निळे-जांभळे दिवे, हाताशी मोबाइल चार्ज करायची सोय. द्रुतगती महामार्गाने हायफाँग ओलांडून ती अडीच-तीन तासांत क्वांग निन्ह प्रांतातल्या हा लाँग शहरात नेऊन सोडते. दुपारी बाराच्या आसपास दोन-तीन मजल्यांची पांढरीशुभ्र बोट धक्का सोडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परत आणते. मधल्या वेळात सरबताचं स्वागत, भरगच्च बुफे, एक गुहा, एक टेकडी, थोडं वल्हवणं आणि उतरत्या उन्हात वरच्या डेकवर संगीत, फळं, वाइन. काही बोटींवर गरम पाण्याचं जकुझीही असतं. अशा दिवसभराच्या आलिशान सफरीला हनोईहून नेण्या-आणण्यासकट माणशी साधारण चार-पाच हजार रुपयांपासून पुढे पडतात. २०२२ साली मुंबई-हनोई थेट विमान सुरू झालं, तेव्हापासून या बोटींवर मराठी बोलणं हमखास कानावर पडतं.

बोटीवर चढलं की सगळे कॅमेरे वर वळतात, कारण शिखरं तशी आहेतच. १,५५३ चौरस किलोमीटरच्या हा लाँग उपसागरात दोन हजारांच्या घरात बेटं आहेत. बहुतेक चुनखडीची, उभ्या कड्यांची आणि निर्मनुष्य. पण माझा सल्ला विचाराल तर अर्धा तास नजर खाली ठेवावी. बेट जिथे पाण्याला टेकतं तिथे कडा आत गेलेला दिसतो, कडेने कुरतडलेल्या पेरूसारखा. ही खाच जवळजवळ प्रत्येक बेटाच्या पायथ्याशी, एकाच पातळीवर फिरलेली आहे. ओहोटी असेल तर तिच्याखाली शिंपल्या-कालवांचा पांढुरका पट्टाही उघडा पडतो. इथला भूगोल, इतिहास आणि आजची भांडणं समजून घ्यायची तर ती रेषाच पाहावी.

आपल्या डोळ्यांना सवय सह्याद्रीची. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला काळा कातळ पाण्याला सहजी बधत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी त्यात माणसाने छिन्नीने खोदून काढली. चुनखडीचं तसं नाही. तीसेक कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी सागरी जीवांचे कवच-सांगाडे साचून हा खडक झाला, काही ठिकाणी हजार मीटरहून जाड. पुढे तो वर उचलला गेला. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं, आणि चुनखडी त्यात विरघळते. पाणी भेगांत शिरतं, भेगांचे बोगदे होतात, बोगद्यांची दालनं होतात, दालनांची छतं कोसळतात. डोंगराचा आधी शंकू होतो आणि शेवटी सुटा सुळका उरतो. भूगोलाच्या पुस्तकात याला कार्स्ट भूरूप म्हणतात. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस असला की हे काम झपाट्याने होतं, म्हणून दक्षिण चीनपासून व्हिएतनाम-थायलंडपर्यंत असे सुळके दिसतात.

एवढं सगळं झालं ते मात्र कोरड्या जमिनीवर. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि हा उपसागर ज्यात येतो ते आजचं टोंकिनचं आखात म्हणजे मैदान होतं. बर्फ वितळला, समुद्र चढत आला, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांची बेटं झाली. म्हणूनच एवढ्या उंच कड्यांच्या मधलं पाणी बहुतेक ठिकाणी जेमतेम सहा ते दहा मीटर खोल आहे. बोट खरं तर बुडालेल्या दरीवरून चाललेली असते. युनेस्कोने १९९४ मध्ये या जागेला जागतिक वारसा ठरवलं ते सौंदर्यासाठी. भूशास्त्रीय मोलाची दखल २००० मध्ये घेतली गेली, आणि २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात आला. कात बावर सोनेरी डोक्याचं एक लंगूर राहतं. जगात ते दुसरीकडे कुठेच नाही आणि उरलेल्यांची संख्या शंभराच्याही आत आहे. दिवसाच्या सफरीत ते दिसेल अशी आशा धरू नये.

पायथ्याची खाच समुद्राने कोरली. लाटांचा मारा, पाण्याचं विरघळवणं आणि खडक खरवडून खाणारे बारीक जीव यांचं हे मिळून काम. आणि इथे कोकणातल्या माणसाने कान टवकारावेत. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हा लाँगमध्ये हे गणित चालत नाही. टोंकिनच्या आखातात दिवसाला भरती एकदाच येते आणि ओहोटीही एकदाच लागते. तिचा जोर चंद्राच्या कलेपेक्षा चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ठरतो. चंद्र टोकाला असेल तेव्हा पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं. तो विषुववृत्त ओलांडत असतो तेव्हा पाणी जवळजवळ हलतच नाही, मग ती पौर्णिमा का असेना.

हे कोडं युरोपात पोचलं ते फ्रान्सिस डेव्हनपोर्ट या दर्यावर्द्यामुळे. टोंकिनच्या नदीमुखावर त्याने केलेली निरीक्षणं १६८४ मध्ये एडमंड हॅलीच्या टिपणासह लंडनला छापली गेली. तीन वर्षांनी न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या भागात त्याचा उलगडा मांडला. एकाच बंदरात दोन वाटांनी सहा तासांच्या अंतराने भरतीच्या लाटा येतात आणि परस्परांना खोडतात, असं त्याचं म्हणणं. आजचे समुद्रशास्त्रज्ञ आखाताच्या आकाराकडे आणि खोलीकडे बोट दाखवतात. या खोऱ्यात दिवसाला एक हेलकावा घेणारी लाट फुगते आणि दोनदा येणारी क्षीण पडते. पण दोन लाटांनी एकमेकींना पुसावं ही न्यूटनची कल्पना पुढे भौतिकशास्त्रात फार दूरवर गेली, आणि तिचं एक उदाहरण या किनाऱ्यावरचं आहे. बोटीवरचा वाटाड्या हे सांगत नाही. तो ड्रॅगनची गोष्ट सांगतो: स्वर्गातून ड्रॅगन उतरला, त्याने तोंडातून मोती-पाचू उधळले, त्यांची बेटं झाली. गोष्ट छानच आहे, पण भरतीची गोष्ट अधिक रंगतदार आहे असं माझं मत.

कारण या भरतीने लढायाही जिंकून दिल्या आहेत. उपसागराच्या पश्चिमेला बाक दांग नदी समुद्राला मिळते. ९३८ साली न्गो क्वेन या सेनानीने नदीच्या पात्रात टोकदार लाकडी खांब रोवले. भरतीत ते बुडालेले असताना चिनी आरमाराला आत ओढलं आणि पाणी उतरताच जहाजं खांबांवर अडकली. १२८८ मध्ये त्रान हुंग दाव याने हाच डाव मंगोल आरमारावर टाकला. त्याआधी उपसागराच्या ईशान्येला वान दोनजवळ मंगोलांची धान्याची जहाजं बुडवली गेली होती, त्यामुळे परतणारं सैन्य उपाशीच होतं. क्वांग येन भागात ते खांब चिखलातून सापडले आहेत. दिवसाला एकदाच उतरणारं पाणी उतरायला तास न् तास घेतं, आणि अडकलेल्या जहाजाला पुढच्या भरतीची वाटही तेवढीच लांब पाहावी लागते. उपसागरातल्या दाव गो गुहेत हे खांब साठवून ठेवले होते अशी दंतकथा आहे.

थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात. सहा तासांच्या सफरी बहुधा सुंग सोत गुहा, ती तोप बेट आणि लुओन या मार्गाने जातात. सुंग सोतला फ्रेंचांनी १९०१ मध्ये ‘आश्चर्याची गुहा’ म्हटलं. पहिलं दालन बेताचं आहे, पण आतल्या दालनात शिरल्यावर ते नाव पटतं. छत तीस मीटरपर्यंत वर जातं आणि त्यावर लाटांसारखे गुळगुळीत खळगे दिसतात. ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ शाळेत पाठ केलेले असतात, इथे ते माणसापेक्षा मोठे उभे आहेत. गर्दी मात्र विचारू नये. रांगेच्या वेगाने चालावं लागतं आणि प्रत्येक खडकात कासव, हत्ती नाहीतर बुद्ध दाखवायचा वाटाड्यांचा हट्ट कंटाळा आणतो. थिएन कुंग गुहेतले लाल-हिरवे दिवे त्याहून वाईट.

ती तोप बेटाचं नाव रशियन अंतराळवीर गेर्मान तितोव याच्यावरून पडलं. १९६२ मध्ये हो चि मिन्ह त्याला घेऊन इथे आले होते. पायथ्याशी त्याचा पुतळा आहे. चारशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेलं की उपसागराचा विस्तार एका नजरेत येतो. गुडघे कुरकुरत असतील तर खाली वाळूवर बसावं, पण चढता येत असेल तर चुकवू नये. लुओनला कयाक किंवा बांबूची नाव घेऊन कड्याखालच्या बुटक्या बोगद्यातून चारी बाजूंनी बंद असलेल्या तळ्यात जाता येतं. एकेकाळची ती गुहाच, छत कोसळून उघडी पडलेली. बोगद्यातून जाताना ती खाच डोक्याला लागेल इतकी जवळ येते. सगळ्या पॅकेजमधला हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटला.

सिनेमावाल्यांनाही हे सुळके फार आवडले. ‘इंडोशीन’ इथे चित्रित झाला, ‘काँग’चा २०१७ चा सिनेमाही. मात्र १९९७ च्या जेम्स बाँडपटात हा लाँग म्हणून जे दिसतं ते थायलंडचं फांग न्गा आहे.

दिसत नाहीत ती माणसं. कुआ वान, वुंग विएंग अशी तरंगती गावं पिढ्यान् पिढ्या या बेटांच्या आडोशाला होती. लाकडी तराफ्यांवर घरं, खाली माशांचे पिंजरे, पोरांची शाळासुद्धा पाण्यावर. २०१४ मध्ये तीनशेहून अधिक कुटुंबांना किनाऱ्यावर हलवलं गेलं. वादळापासून बचाव, मुलांचं शिक्षण आणि पाण्याचं प्रदूषण ही सरकारची कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण ज्याला मासेमारीशिवाय काही येत नाही त्याला पक्कं घर मिळालं तरी पोट पाण्यावरच राहतं. म्हणून काहीजण दिवसा परत येतात, पर्यटकांच्या नावा वल्हवायला. बोटींवरही असाच हात फिरला. २०१२ मध्ये प्रांताच्या हुकमाने सगळ्या पर्यटक बोटी पांढऱ्या रंगवल्या गेल्या. लाकडाचा तपकिरी रंग गेला, आणि विटकरी शिडं दिसलीच तर ती शोभेची, कारण चालतं ते डिझेलवर.

आणि कोळसा. हा लाँग शहराचा जुना भाग होन गाय, तिथे फ्रेंच कंपनीने १८८८ पासून खाणी चालवल्या. १९३६ मध्ये तीस हजारांहून अधिक खाणकामगारांनी संप करून मजुरीवाढ मिळवली. ५ ऑगस्ट १९६४ ला अमेरिकी विमानांनी होन गायवर हल्ला केला तेव्हा पडलेल्या विमानातला वैमानिक एव्हरेट अल्वारेझ याच पाण्यात मच्छीमारांच्या हाती लागला आणि साडेआठ वर्षं कैदेत राहिला. खाणी आजही चालू आहेत. स्वच्छ दिवशी डेकवरून किनाऱ्याकडे पाहिलं तर कापलेले डोंगर दिसतात, फक्त त्या बाजूला खुर्च्या लावत नाहीत. पाणरेषेवरचा कचराही डोळ्यांआड होत नाही. पर्यटक बोटींवर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला २०१९ पासून बंदी आहे, तरी मत्स्यशेतीच्या तराफ्यांचे थर्माकोलचे तुकडे खाचेत अडकलेले दिसतात.

जेवणाबद्दल थोडं. हा लाँगची खासियत म्हणजे माकुळ हाताने कुटून तळलेल्या वड्या, चा मुक. मासे खाणाऱ्याने त्या सोडू नयेत. शाकाहाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण भाजीतही माशाचा रस, नुओक माम, घालायची तिथे रीत आहे. आरक्षण करतानाच लेखी कळवलं तर वेगळं ताट मिळतं. आयत्या वेळी सांगितलं तर भात, फळं आणि काकडी.

जाण्याचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी अगदी जुळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक पाऊस आणि धुकं असतं. छायाचित्रकारांना ते आवडतं, इतरांना सर्दी होते. जुलै ते सप्टेंबर वादळांचे. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने इथल्या कित्येक बोटी बुडवल्या, आणि १९ जुलै २०२५ ला भर दुपारी आलेल्या वावटळीत दिवसाच्या सफरीची एक बोट उलटली. ४९ जणांपैकी बहुतेक दगावले. त्यामुळे बोट निवडताना जकुझीपेक्षा जीवरक्षक जॅकेट कुठे ठेवली आहेत ते विचारावं, आणि आभाळ काळवंडू लागलं की बंद केबिनमध्ये न बसता जॅकेट घालून उघड्या डेकजवळ राहावं. बंदर खात्याने सफर रद्द केली तर हुज्जत घालू नये. पैसे बहुधा परत मिळतात.

गेलेला दिवस भरून काढायला निन्ह बिन्ह आहे, हनोईच्या दक्षिणेला दोन तासांवर. त्रांग आनचं तेच चुनखडीचं रान तिथे भातखाचरांतून उभं आहे, आणि २०१४ पासून तेही जागतिक वारशात आहे. जवळच्या ताम कोकला नाव पायाने वल्हवतात. नावाड्याला कड्यांवरची खाच दाखवायला सांगा. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र तिथवर आला होता, तेव्हाची ती आहे.