जुन्या प्रिंटरचा डाग आणि एक फूटपट्टी

तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणारा रस्ता पुढे बपेरा येथे पोहोचतो आणि तेथून मध्य प्रदेशची हद्द जवळच लागते. धानाची शेती आणि मजुरी यांवर जगणारा हा भाग. येथील आपल्या वस्तीतील तरुणांनी विहाराला लागून असलेल्या खोलीत अभ्यासिका चालविली आहे. शहरातील एका कचेरीने मोडीत काढलेला लेसर प्रिंटर एका नोकरदार बांधवाने मिळवून दिला, तेव्हापासून अर्ज, दाखल्यांच्या प्रती, स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सारे तेथेच निघू लागले. छपाईसाठी रोजी बुडवून तुमसरला जाण्याचे काम उरले नाही.

मात्र काही महिन्यांनी छापलेल्या प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला काळा फराटा येऊ लागला. एक नव्हे, एकाखाली एक असे चार-पाच. पत्र असेल तर चालून जाते. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर नेमका क्रमांकाच्या जागी फराटा आला आणि मुलाचा अर्ज परत आला. मुदत संपायला चार दिवस होते. शेतमजुराच्या घरात शिष्यवृत्तीचा एक हप्ता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

मग सुरू झाला तो अंदाजाचा कारभार. पहिल्याने पावडर बदलून आणली. डाग कायम. दुसऱ्या दुकानदाराने ड्रम खराब असल्याचे सांगून ड्रम बदलला. डाग कायम. वर्गणी काढून नवे कार्ट्रिज आणले, तरी डाग होता तेथेच! शेवटी एका कारागिराने बोर्ड गेला असे सांगून प्रिंटर भंगारात देण्याचा सल्ला दिला. "काही केल्या डाग जातच नाही जी," असे सांगताना मुलांचे चेहरे पडलेले असत. तोवर खर्च झालेल्या पैशांत अभ्यासिकेसाठी दहा-बारा पुस्तके आली असती.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या वस्तीतील एका मुलीने मात्र पैसे न काढता कंपासपेटीतील फूटपट्टी काढली. दोन फराट्यांमधील अंतर तिने मोजले. प्रत्येक वेळी ते पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरत होते. कमी नाही, जास्त नाही.

हे अंतर का मोजायचे, हे समजण्यासाठी लेसर प्रिंटर छापतो कसा ते पाहिले पाहिजे. त्याच्यात शाई नसते. कार्ट्रिजमधील गोल नळीला, म्हणजे ड्रमला, आधी विजेचा भार दिला जातो. लेसरचा किरण त्यावर अक्षरांच्या जागा उमटवितो, त्या जागी काळी पावडर चिकटते आणि ती कागदावर उतरते. या क्षणी अक्षरे कागदावर नुसती बसलेली असतात, बोट लावले तर पुसली जातात. पुढे कागद फ्युजरमधून जातो. तेथे दीडशे अंशांहून अधिक उष्णता आणि दाब असतो. त्याने पावडरमधील प्लास्टिक वितळून अक्षर कागदात पक्के होते. प्रिंटरमधून निघालेला कागद गरम लागतो तो त्यामुळेच.

कोरड्या पावडरने छापण्याची ही युक्ती अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांची. न्हाव्याचा मुलगा. वडील आजाराने खिळलेले, त्यामुळे पोरवयातच घर चालविण्याची पाळी आली. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागातील एका साध्या खोलीत गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यांनी पहिली प्रत काढली. वीसहून अधिक कंपन्यांनी ही कल्पना नाकारली होती. पुढे अमाप पैसा मिळाला तेव्हा त्यांनी तो बहुतांशी दान केला. 1966 साली रोचेस्टर येथे झेन बौद्ध केंद्र उभे राहिले, त्यालाही कार्लसन दांपत्याने हातभार लावला होता. आपल्या विहाराजवळच्या खोलीत घरघरणाऱ्या यंत्राचे बौद्धांशी असे जुने नाते निघावे, याची मौज वाटते.

आता फूटपट्टीकडे वळू. प्रिंटरमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला एके ठिकाणी ओरखडा असेल, तर तो भाग एक फेरा घेतो तितक्या अंतराने कागदावर डाग पडतो. म्हणजे दोन डागांतील अंतर हाच त्या भागाचा घेर. घेराला 3.14 ने भागले की व्यास मिळतो. शाळेतील हे गणित येथे थेट उपयोगी पडते. लहान प्रिंटरमध्ये सर्रास असणारा ड्रम सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा, म्हणून त्याचा डाग साडेसात सेंटिमीटरला फिरून येतो. पावणेसहाला येणारा डाग त्या ड्रमचा असूच शकत नव्हता! तो सुमारे 18 मिलिमीटर जाडीच्या कशाचा तरी होता. दोनदा ड्रम बदलूनही उपयोग का झाला नाही, याचे उत्तर त्या पावणेसहात होते.

पण कोणता भाग? त्यासाठी दुसरी परीक्षा केली. पान छापत असताना मधेच प्रिंटरचे झाकण उघडले. यंत्र थांबले. वायर काढून, कार्ट्रिज बाजूला करून अर्धवट अडकलेला कागद अलगद बाहेर घेतला. फ्युजरपर्यंत न पोहोचलेल्या भागावरील कच्ची अक्षरे अगदी स्वच्छ होती. फ्युजरमधून गेलेल्या भागावर फराटा होता. चोर सापडला.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण वर्षावासात ऐकतो. तो दुकानदाराच्या सांगण्यालाही लागू पडतो, एवढेच येथे म्हणतो.

जाणकार कारागिराकडून फ्युजर उघडला, तेव्हा आतील पातळ गुंडाळीवर, जिला कारागीर टेफ्लॉन म्हणतात, बारीक चीर दिसली. कारणही मिळाले. काटकसर म्हणून मुले पाठकोरे कागद वापरीत होती. त्यातल्या एकाला स्टेपलरची पिन राहिली होती. टेफ्लॉन बदलला, आत उष्णता सोसणारे ग्रीस लावले. नव्या प्रिंटरच्या मानाने खर्च किरकोळ. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी पुन्हा सादर झाला.

ज्यांच्या घरी किंवा केंद्रात असा प्रिंटर आहे त्यांच्यासाठी थोडे. उघडण्यापूर्वी वायर काढून अर्धा-पाऊण तास थांबावे, फ्युजर भाजतो. अडकलेला कागद ब्लेडने वा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढू नये, टेफ्लॉन त्यानेही जातो. ड्रम उन्हात वा दिव्याखाली उघडा ठेवू नये. पुसली जाणारी अक्षरे आली तर पावडरला दोष देण्याआधी विजेचा दाब पाहावा. दाब कमी असेल तर फ्युजर पुरेसा तापत नाही. घरगुती यूपीएसवर लेसर प्रिंटर लावू नये, हीटर एकदम फार वीज ओढतो. सांडलेली पावडर तोंडाने फुंकू नये, ती नाकात जाते. कपड्यावर पडली तर झटकून थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती वितळून कायमची बसते.

अभ्यासिकेत आता प्रिंटरशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. पाठकोरा कागद आत घालण्याआधी त्याची पिन काढून डब्यात टाकावयाची असते. फराटा गेला आहे. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकाऐवजी दोन-दोन ओढले जातात, ती तक्रार मात्र अजून आहे. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावयास सुरुवात केली आहे. कागद ओढणारा रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसून पाहिला आहे. त्याखालचे पॅड झिजले आहे काय, हे या रविवारी पाहावयाचे ठरले आहे.