रात्री आठ ते सकाळी आठ

संध्याकाळी ७.४५

ड्यूटी आठची, पण आठला वॉर्डात शिरणारी नर्स उशिरा आली असंच समजतात. ओव्हर घ्यायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात आणि दुपारच्या पाळीतल्या सिस्टरला आठ दहाची बस गाठायची असते. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड. खाटा चाळीस, पेशंट बावन्न, म्हणजे बारा जणी खाली गादीवर. रात्रीला आम्ही दोघी अधिपरिचारिका, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि एक मावशी.

खाटेखाटेपाशी उभं राहून ओव्हर होतो. "आठ नंबर, शुगर तीनशे चाळीस, इन्सुलिन दिलंय, दोनला परत बघा. चौदा नंबर पॉयझनिंग, अ‍ॅट्रोपिन चालू आहे, दर तासाला बाहुल्या आणि पल्स." चौदा नंबरची मुलगी एकोणीस वर्षांची. घरात भांडण झालं, फवारणीचं औषध हाताशी होतं. पावसाळ्यात असा एखादा पेशंट वॉर्डात नसेल तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटल्याचा रागही येतो.

मग काउंट. थर्मामीटर तीन, बीपीची मशीन दोन, कात्री एक. हरवलं तर सहीवालीच्या नावावर. आजवर मी पेशंटबद्दल जेवढे जबाब लिहून दिले असतील, त्याहून जास्त कात्र्यांबद्दल दिले आहेत.

८.३०

ट्रॉली फिरवायला घेतली. व्हायलमधली पावडर पाण्यात विरघळवा, ओढा, इंट्राकॅथ चालू आहे का बघा, सुजला असेल तर काढून दुसऱ्या हाताला घाला. जमिनीवरच्यांसाठी गुडघ्यावर बसा, उठा. गोळ्या, इन्सुलिन, ताप, बीपी, सगळं चार्टवर. एकीला चार मिनिटं धरली तरी बावन्न जणींचे साडेतीन तास होतात. त्यात कुणाचा फोन, नवी अ‍ॅडमिशन, संपलेली सलाईन काहीच धरलेलं नाही.

शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. नर्सिंग कॉलेजात मी तो परीक्षेत लिहिला होता, गुणही मिळाले होते. आज माझ्या वाट्याला सव्वीस जणी आहेत.

सव्वीस म्हटलं की लोक "बापरे, किती पळापळ" म्हणतात. पळापळीचं फारसं काही वाटत नाही, पाय दुखतात आणि झोपलं की थांबतात. खरी गोष्ट वेगळीच आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये ती मांडली होती. नर्समागे एकेक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स पार थकून रिकामी होण्याची २३ टक्क्यांनी. तिथे चार पेशंटांच्या जागी सहा, आठ असा हिशेब चालला होता. आमचा आकडा त्या कागदावर कुठे मावला असता कोण जाणे.

११.१५

तेवीस नंबरच्या आजींचा मुलगा गावाहून आला. सोबत चार माणसं. "डॉक्टर कुठायत? माय सकाळधरनं अशीच पडलीय, कोणी बघायलं नाही." डॉक्टर बघून गेले होते, माझ्याकडे नोट होती. पण त्याला नोट नको होती. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि रात्री अकराला वॉर्डात ओरडण्याजोगी माणसं आम्हीच. २०१० च्या कायद्याचा फलक दारावर आहे: वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा. चिडलेला माणूस फलक वाचत नाही. मी त्याला आजींजवळ नेलं, युरोबॅगमध्ये लघवी किती जमली ते दाखवलं, सकाळी किती होती ते सांगितलं. किडनी हळूहळू काम करायला लागली आहे हे त्याला त्या पिशवीवरून पटलं. जाताना "ताई, चुकलं" म्हणाला. चार मिनिटांचं काम होतं. ती चार मिनिटं रोज मिळाली तर निम्मी भांडणं व्हायचीच नाहीत.

१२.३०

स्टोअरमधून डिस्टिल्ड वॉटर आणायचं. मधल्या जिन्यातला दिवा गेलाय, इंडेंट देऊन झालंय. मी मावशीला सोबत घेते. आमच्या पिढीतल्या कुठल्याही नर्सला अशा वेळी मुंबईच्या केईएममधली नर्स अरुणा शानबाग आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला तो रुग्णालयाच्याच आवारात, आणि तो करणारा तिथलाच सफाई कामगार होता. १८ मे २०१५ ला ती गेली तोपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला सांभाळलं. इतक्या वर्षांत तिला बेडसोअर होऊ दिला नाही, हे त्या अभिमानाने सांगत. बाहेरच्यांना ही बारीकशी गोष्ट वाटेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना त्या एका वाक्यात सगळं कळतं.

१.१०

कॅज्युअल्टीतून नवीन पेशंट. तिशीची, ऊसतोडीला जाणारी. स्ट्रेचरवरच्या कागदावर पोटदुखी, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलेलं. "पोट लई दुखायलंय सिस्टर, अन् झोप यायलीय." रात्री एकला झोप येणं यात विशेष काय? पण पोट एवढं दुखत असताना माणसाला झोप येत नाही. मी टॉर्च मारली. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. "वर बघ." डोळे वर जाईनात. "मान उचल." उशीवरून चार बोटं उचलली आणि पडली.

नवऱ्याला विचारलं, झोपला होतात कुठे? "पालात, खाली." काही चावलं? "ढेकूण चावल्यागत झालं म्हणली होती."

मण्यार. रात्री अंथरुणात शिरतो, चावलेलं धड दुखतही नाही, दातांचे वण सापडतीलच असं नाही. आधी पोटात कळ, मग पापण्या, मग गिळणं, शेवटी श्वास. निवासी डॉक्टरांना फोन केला तेव्हा "सर, मण्यार वाटतोय" एवढंच मी म्हणाले. ते जिना उतरून येईपर्यंत आम्ही सर्पदंशाची लस फोडायला घेतली होती. पहिला डोस दहा व्हायलचा, प्रत्येक व्हायलमधली पावडर पाण्यात विरघळवायची. घाईत बाटली हलवली की फेस होतो, म्हणून तळहातांत फिरवत बसायचं. विद्यार्थिनीचे हात थरथरत होते. तिला म्हटलं, हलवू नकोस, नुसती फिरव. अ‍ॅड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं. लस चालू असताना मी बाईला एका श्वासात आकडे मोजायला लावत होते. आधी अठरापर्यंत गेली, मग अकरा, मग सात. सातला डॉक्टरांनी नळी घालायचं ठरवलं. अँब्यू बॅग दाबत दाबत आम्ही तिला आयसीयूत पोचवलं. व्हेंटिलेटर मोकळा होता. नेहमी असतोच असं नाही.

२.५०

परत येताना जिन्यात मला आनंदाने अक्षरशः उडी मारावीशी वाटत होती. कागद पोटदुखी म्हणत होता आणि मी पापण्या बघितल्या होत्या. हे कुठल्या रजिस्टरात येत नाही, कुणी विचारत नाही, पण या नोकरीत टिकून राहायला असं काहीतरी अधूनमधून लागतं.

वॉर्डात आले आणि पाय जड झाले. चौदा नंबरची मुलगी उठून बसली होती, चादर ओढत होती, हवेत काहीतरी वेचत होती. अंग तापलेलं, कातडी कोरडी, इंट्राकॅथ उपसलेला, उशीवर रक्त. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं होतं. तासाला बघायचं ते दीड तास बघितलं गेलं नव्हतं, कारण माझी जोडीदार सिस्टर एकटी दुसऱ्या टोकाला शुगर कमी झालेल्या पेशंटला ग्लुकोज चढवत होती. डॉक्टरांनी ड्रिप थांबवली, ओल्या फडक्याने अंग पुसलं, दुसरा इंट्राकॅथ घातला. मुलगी वाचणार आहे. पण तेवीस नंबरच्या आजी बेडपॅनसाठी हाका मारून मारून तशाच घाणीत झोपल्या होत्या, आणि त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही.

३.४०

चहा. थर्मासमधला, घरून आणलेला. एम.एस्सी. नर्सिंग करणारी एक मुलगी प्रबंधासाठी प्रश्नावली वाटून गेली होती, ती भरायला घेतली. विषय: परिचारिकांमधील कार्यताण व कार्यसमाधान. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. 'मला माझ्या कामातून समाधान मिळते.' मी पूर्णपणे सहमत. 'कामाच्या ठिकाणी मी तणावाखाली असते.' पूर्णपणे सहमत. जोडीदार हसली, "अगं, एक काहीतरी कर."

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये म्हटलं होतं, की माणूस नोकरीत नाखूश असतो त्याची कारणं वेगळी आणि समाधानी असतो त्याची वेगळी. पगार, साहेब, नियम एकीकडे; खुद्द काम दुसरीकडे. व्यवस्थापनाच्या तासाला हे पाठ केलं होतं. पगार आणि भरतीपुरतं ते पटतं. २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वॉर्डातल्या कामाला कुणीच कंटाळलं नव्हतं. पण आजच्या रात्रीला ते लागू पडत नाही. पापण्या बघायला मला एक मिनिट मिळालं, ते समाधान. चौदा नंबरच्या बाहुल्या बघायला ते मिळालं नाही, तो ताण. कारण एकच, वेळ. चहा संपेपर्यंत निम्मे चौकोन भरून झाले, उरलेले राहिले.

५.००

रक्ताचे नमुने, लाल बुचाच्या, जांभळ्या बुचाच्या नळ्या, नावं, नंबर. तापाचे चार्ट. आजींचं स्पंजिंग सगळ्यात आधी केलं, पाठीला पावडर लावली, कूस बदलली. "झोप झाली का गं तुझी?" त्यांनी मला विचारलं.

८.००

ओव्हर. रिपोर्ट बुकात रात्र अकरा ओळींत बसवली. काउंटला एक थर्मामीटर कमी. सही माझी.

९.१०

निघताना अधिसेविका मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मेडिसिन ओपीडीत जागा होतेय. फक्त सकाळची ड्यूटी, रविवारी सुट्टी, नाईट नाही. माझं वय आणि गुडघे बघून त्यांनी नाव सुचवलं होतं, अर्ज आजच द्यायचा. अशा जागेसाठी लोक वशिले लावतात. पण आयसीयूतली बाई अजून नळीवर आहे आणि भाद्रपद यायचाय. पालात, शेतात, जमिनीवर झोपणारी माणसं अजून दोन महिने येत राहणार. पापणी कशी बघायची ते या पोरींना अजून नीट दाखवायचं राहिलंय.

"मॅडम, पावसाळा संपू द्या," म्हटलं, "मग बघू."

त्यांनी तिथल्या तिथे माझ्या नावावर काट मारून खालचं नाव वाचायला घेतलं.