पाचगणीच्या पोराचं पहिलं गाणं आपटलं तेव्हा...

नायगाव-नरसीच्या पट्ट्यात ‘बँड’ म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती वरातीतली बँजो पार्टी. ही गोष्ट ज्या बँडची, तो मात्र लंडनचा, पण त्याच्या गायकाचे सूर पक्के झाले आपल्या महाराष्ट्रात, पाचगणीच्या बोर्डिंगात. बँडचं नाव क्वीन, गायकाचं नाव फ्रेडी मर्क्युरी. क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम. २०२२ साली त्यानं तिथं ७० लाखांचा आकडा गाठला. १९८१ च्या त्या ब्रिटिश अल्बमात एक गाणं मात्र शोधूनही सापडत नाही: क्वीनचं पहिलंवहिलं सिंगल! ६ जुलै १९७३ ला ते बाजारात आलं आणि सपशेल आपटलं. ते कसं घडलं आणि कसं पडलं, त्याच्या या गमती.

पाचगणीचा पियानोवाला

फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा. पारशी घर, जन्म झांझिबारचा, १९४६ चा. आडनाव आलं गुजरातच्या बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून. आठेक वर्षांचं लेकरू बोटीनं हिंदुस्थानात आलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झालं. फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तो तिथंच. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे शाळूसोबती सांगत.

गायक नव्हे, साथीदार

१९५८ मध्ये पाच पोरांनी मिळून शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढं ज्याच्या आवाजानं स्टेडियमं दणाणली, तो फ्रेडी तिथं मुख्य गायक नव्हताच. गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर. बाकीच्या दोस्तांची पुढची वाट तर आणखी मजेशीर. डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला, व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात जनरल झाला आणि फरंग इराणीनं पुण्यात ‘बाउंटी सिझलर्स’ चालवलं. एकाच शाळकरी बँडमधून रॉकस्टार, जनरल आणि सिझलरवाला!

काड्यापेटीतल्या काड्या आणि आईची सुई

पुढं लंडनमध्ये फ्रेडी क्वीनचा गायक झाला. पण बँडच्या पहिल्या सिंगलचं गाणं, ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’, लिहिलं ते फ्रेडीनं नव्हे, तर गिटारवादक ब्रायन मे यानं. त्यात वाजलेली गिटारही दुकानातली नव्हे. ब्रायननं १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांच्या हाताखाली ती घरीच बनवायला घेतली आणि दोनेक वर्षं खपून पुरी केली. दांडीला लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्यात किडीनं पाडलेली भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे आणि सूर थरथरवायच्या दांड्याचं टोक विणकामाच्या सुईचं. तारा छेडायला प्लास्टिकची पट्टी नको म्हणून ब्रायन सहा पेन्सचं नाणं वापरतो. ही गिटार आजही त्याच्याच गळ्यात असते.

फुकटात पहिलं ध्वनिमुद्रण

१९७१ च्या अखेरीस लंडनच्या वेम्बली भागात डी लेन ली नावाचा नवा स्टुडिओ उभा राहत होता. यंत्रं नीट चालतात का, एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत झिरपतो का, हे तपासायला मालकांना कुणीतरी दणकून वाजवणारं हवं होतं. क्वीनवाले तयारच होते! तुम्ही आमची यंत्रं तपासा, आम्ही तुमची गाणी टेप करून देतो, असा सौदा ठरला. खिशात दमडी नसताना पाच गाण्यांचा नमुना तयार झाला, त्यात हे गाणंही होतं. पुढं मोठ्या स्टुडिओत मोठ्या लोकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा ही फुकटातली टेपच सरस होती, असं ब्रायनचं मत आजही कायम आहे.

रात्रपाळीचे कलाकार

खरं ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये सोहोतल्या ट्रायडंट स्टुडिओत झालं. डेव्हिड बोवी, एल्टन जॉन यांच्यासारखी मंडळी तिथं ध्वनिमुद्रण करत. क्वीनशी करार केला होता स्टुडिओच्या मालकांनीच, पण पैसे मोजणारं गिऱ्हाईक आधी आणि घरची पोरं मागाहून. म्हणून स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा यांची पाळी. ती कधी भल्या पहाटे तीनला सुरू व्हायची आणि उजाडताना संपायची.

फ्रेडीचा डबल रोल

असंच ताटकळत बसलेलं असताना स्टुडिओतल्या रॉबिन केबल नावाच्या निर्मात्यानं फ्रेडीला एक दुसरंच गाणं गायला बोलावलं. फ्रेडी गायला, ब्रायन आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांनीही साथ दिली. ती रेकॉर्ड निघाली १९७३ मध्ये, क्वीनच्या पहिल्या सिंगलच्या थोडीशी आधी. तिच्यावर गायकाचं नाव छापलं होतं लॅरी ल्युरेक्स! त्या वेळचा गाजलेला गायक गॅरी ग्लिटर याच्या नावाची ती टवाळी होती. म्हणजे फ्रेडीची पहिली रेकॉर्ड बाजारात आली ती खोट्या नावानं. तीही पडली. एकाच उन्हाळ्यात एकाच गळ्याच्या दोन रेकॉर्डी आपटल्या.

मिक्सिंग काही संपेना

गाणं ध्वनिमुद्रित झालं, पण सगळे आवाज एकत्र बसवले की कुणाचंच समाधान होईना. कधी ड्रम बोथट, कधी गिटार दबलेली. पुन्हा मिक्स, पुन्हा नापसंत. शेवटी सातव्या-आठव्या खेपेला माइक स्टोन नावाच्या तरुण तंत्रज्ञानं बसवलेला मेळ मंजूर झाला. एवढं करूनही रेकॉर्ड कंपनीशी बोलणी लांबत गेली, आणि १९७२ मध्ये तयार झालेला माल ग्राहकांच्या हाती पडला १९७३ च्या जुलैत. तोवर श्रोत्यांना त्यात कालच्या फॅशनचा वास यायला लागला होता.

तिरकस लिहिलं, सरळ ऐकलं

गाण्याच्या नावाचा अर्थ ‘स्वतःला जिवंत ठेव’. ब्रायननं ते लिहिलं तिरकस, काहीसं उपरोधानं: नुसतं जगत राहणं म्हणजेच का आयुष्य? पण गाण्याची चाल इतकी उसळती की लोकांना तो उपदेशच वाटला. मधल्या एका तुकड्यात रॉजर सवाल करतो आणि ब्रायन जवाब देतो. आपल्या शाहिरी फडाला हा मामला नवा नाही!

रेडिओचा नन्नाचा पाढा

तेव्हा ब्रिटनमध्ये गाणं चालायचं ते बीबीसीच्या रेडिओ वनवर वाजलं तरच. रेडिओ वननं हे गाणं पाच वेळा परत पाठवलं, असं क्वीनचे चरित्रकार सांगतात. दुखणं सुरुवातीतच होतं. आधी एकटी गिटार खरखरत येते, मग एकेक वाद्य त्यात मिसळतं आणि गायक उगवतो तो सगळ्यांच्या मागून. आजची रील बघणारी पोरं तोवर अंगठा सरकवून तीन व्हिडिओ पुढं गेली असती. रेडिओवाल्यांकडंही तेवढा धीर नव्हता.

नाव नसलेली रेकॉर्ड, धावती रेल्वे

मदतीला आला टीव्ही. बीबीसीच्या ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाकडं, हे गाणं असलेल्या क्वीनच्या पहिल्या अल्बमची, एक कोऱ्या लेबलाची प्रत पोचली. बँड कोणता, गावचा कुठला, काही पत्ता नाही. पण निर्मात्यांना गाणं आवडलं. दाखवायला कलाकारच नाहीत म्हटल्यावर त्यांनी एक जुनी कार्टून फिल्म काढली आणि पडद्यावर धावत्या रेल्वेमागं हे गाणं वाजवलं. गाणं देशभर ऐकलं गेलं, पण ते कुणाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खपाच्या तक्त्यात काही ते चढलं नाही. ऑक्टोबरात ते अमेरिकेत निघालं, तिथंही तीच गत.

बोवीची फिल्म अडली, क्वीनची गाडी सुटली

क्वीनचं नशीब उघडलं १९७४ च्या फेब्रुवारीत. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात बोवीची फिल्म दाखवायची होती, ती वेळेत आली नाही. ऐनवेळी क्वीनला बोलावणं गेलं. फ्रेडीनं लिहिलेलं दुसरं सिंगल, ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’, दोन दिवसांत घाईघाईनं बाजारात उतरवलं आणि ते दहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. मजा अशी की या गाण्याची अर्धीकच्ची धून पडलेल्या पहिल्या अल्बमच्या शेवटी आधीच वाजून गेली होती. यशाची किल्ली त्याच रेकॉर्डवर होती, फक्त कुलूप वेगळं होतं.

पाकिटावरच्या बारीक गमती

पहिल्या अल्बमच्या पाकिटावर बासवाल्या जॉन डीकनचं नाव उलटं, ‘डीकन जॉन’ असं छापलंय. नाव भारदस्त दिसावं, एवढाच हेतू. तिथंच ठणकावून लिहिलंय की कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. कारण ब्रायनच्या घरगुती गिटारीचे आवाज लोकांना यंत्रातले वाटतील, ही धास्ती. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनं स्वतः काढलं. आर्ट कॉलेजात ग्राफिक शिकल्याचा फायदा! त्यात चौघांच्या राशी आहेत: जॉन आणि रॉजर यांचे दोन सिंह, ब्रायनचा खेकडा आणि कन्या राशीच्या फ्रेडीसाठी दोन पऱ्या.

आधी गाणं, मग डॉक्टरकी

या सिंगलच्या वेळी ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अंतराळातल्या धुळीवर पीएच.डी. करत होता. बँड चालायला लागला आणि प्रबंध कपाटात गेला. तो पुरा झाला २००७ मध्ये. गाईडनं टोकलं म्हणून रडकुंडीला आलेल्या नांदेडच्या संशोधक मंडळींनी एवढं वाचून जरा हसून घ्यावं.

आणि तरीही मिक्सिंग चालूच

पडलेल्या गाण्याला बँडनं मात्र कधी टाकलं नाही. कार्यक्रमांत ते वर्षानुवर्षं वाजत राहिलं. १९७५ मध्ये ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं, पण ती टेप १९९१ पर्यंत पडूनच राहिली. ट्रायडंटमधला ड्रमचा मुका आवाजही त्यांना सलत होता. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला अल्बम ‘क्वीन वन’ या नावानं पुन्हा काढला, आणि त्यातलं एकूण एक गाणं नव्यानं मिक्स केलं. ब्रायन तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा, गाणं एक्कावन्न वर्षांचं. फोनवर गाणं बसवून रातोरात यूट्यूबवर चढवणाऱ्या आणि सकाळी व्ह्यूज मोजणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी घाई जरूर करावी. फक्त मूळ ट्रॅक डिलीट करू नयेत.