परतीच्या तिकिटाचा धनी कोण?

मार्च २०२० च्या दुसऱ्या पंधरवड्यात जगभर एक मोठी परतपाठवणी झाली. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी सेवासंस्थेने साठाहून अधिक देशांतले आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकाच आदेशाने माघारी बोलावले. संस्थेच्या जवळपास सहा दशकांच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. मॉर्मन चर्चचे तेव्हा सुमारे ६७ हजार धर्मप्रचारक जगभर पसरलेले होते. त्यांत नोकरीतून निवृत्त झाल्यावर पदरमोड करून सेवेला निघालेली वयस्क जोडपीही होती. करोनाचा धोका वयाबरोबर वाढतो हे दिसू लागताच ज्येष्ठांना आणि आजाऱ्यांना सेवेतून मोकळे करून मायदेशी धाडण्यात आले. कुणाची मुदत संपत आली होती, कुणाची नुकती सुरू झाली होती. निरोप घ्यायलाही अनेकांना सवड मिळाली नाही. या कारभारात चुकाही झाल्या. फिलिपिन्सहून परतलेल्या तरुण प्रचारकांच्या स्वागताला सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर नातेवाइकांनी ऐन साथीत गर्दी केली आणि त्यावर रास्त टीकाही झाली. तरीही एक गोष्ट खरी, की यातला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी यादीत होता. तो कुठल्या गावी आहे, त्याचे वय काय, त्याला परत आणायचे कसे आणि परतल्यावर चौदा दिवस अलग ठेवायचे कसे, हे ठरवणारी एक संस्था त्याच्या पाठीशी उभी होती.

याच दिवसांत सुरतेत लाखो माणसे घरी जायला आसुसलेली होती आणि त्यांची यादी कुणाकडेच नव्हती. सुरतेचे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे आहे, कारण पंचवीस-सव्वीस वर्षांच्या अंतराने या शहराने साथीतली परतपाठवणी दोन उलट्या रूपांत पाहिली. १९९४ मध्ये माणसे कुणी न सांगता पळाली. २०२० मध्ये ती जाऊ पाहत असताना अडवली गेली आणि मग पाठवली गेली. दोन्ही वेळी चर्चा एवढ्यापुरतीच राहिली, की त्यांना जाऊ द्यावे की थांबवावे. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. साथीत माणसाला घरी पाठवणे काही वेळा शहाणपणाचे असते, काही वेळा घातक; पण दोन्ही प्रसंगी त्याच्या नावाची नोंद, वाटखर्च, प्रवासातला पगार आणि परतल्यावरची जागा यांची जबाबदारी कुणावर, हे साथ येण्याआधी ठरलेले असावे लागते. सुरतेत ते ठरलेले नव्हते. कायद्यात होते, कारखान्यात नव्हते.

आधी १९९४ पाहू. त्या वर्षी पावसाळा दांडगा होता. तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरले, मेलेली जनावरे आणि कचरा कुजत पडला. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. गणेश विसर्जनाच्या सुमारास सुरतेत वेड रोड, कतारगाम भागातून फुप्फुसाच्या प्लेगचे संशयित रुग्ण रुग्णालयात येऊ लागले. बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत शहर रिकामे होऊ लागले. किती लोक गेले याचे अंदाज दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंत आहेत. शहराची लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या घरात होती. प्लेगवरचे टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झाले. खासगी डॉक्टरांपैकी बहुतेकांनी दवाखान्यांना कुलूप लावले आणि भार पडला तो सरकारी रुग्णालयातल्या तरुण निवासी डॉक्टरांवर. ज्याला गाव होते तो गावी गेला. लिंबायत, उधना, पांडेसरा भागांतला खानदेशी माणूस धुळे, नंदुरबार, जळगावकडे निघाला. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या या रेल्वेमार्गावरचे नवापूर स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. फलाटावरचे एक बाकसुद्धा दोन राज्यांत वाटलेले आहे. एका टोकाला बसलेला माणूस एका सरकारच्या हद्दीत आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या. या स्थलांतरित कामगाराचा हिशेब मात्र यांतल्या एकाही सरकारच्या दप्तरी नव्हता.

या पलायनाबद्दल त्या वेळी बरीच शेरेबाजी झाली: लोक अडाणी, घाबरट, रोग देशभर नेणारे. पुढे काय घडले ते पाहिले तर हा आरोप टिकत नाही. मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले आणि सुरतेहून गेलेल्या लोकांमुळे इतरत्र मोठी साथ उसळली नाही. यात नशिबाचा वाटा होता हे मान्य. बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी प्रतिजैविके घेतली होती, स्थानकांवर तपासण्याही झाल्या. पण भीतीचे मूळ अडाणीपणात शोधण्यापेक्षा वस्तुस्थितीत शोधावे. डॉक्टर गेले, औषध संपले, कारखाने थांबले आणि कारखाना थांबला की मीटरवर मिळणारी मजुरीही थांबते. अशा ठिकाणी राहण्याचे एकही कारण कामगाराला कुणी दिले नव्हते. शहाणा माणूस आणखी काय करणार होता? शहराने मात्र धडा घेतला. १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी सफाई, गटारे, अतिक्रमणे आणि रोगनोंदणी यांची घडी अशी बसवली, की अल्पावधीतच देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. सुधारला तो कचरा. ज्यांच्या श्रमावर शहर चालते त्यांच्या नोंदीचा प्रश्न तसाच राहिला.

तो २०२० मध्ये उघडा पडला. सुरतेच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले लोक फार मोठ्या संख्येने आहेत. बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मीटरवर आणि मुक्काम ‘मेस’मध्ये. मेस म्हणजे एक लांबोडकी खोली. दिवसपाळीचे लोक कामाला गेले की त्याच जागेवर रातपाळीचे झोपतात. अशा खोलीला दिवसाचे चोवीस तास घरीच थांबा असा हुकूम दिला की काय होते? अर्ध्यांनाच पाठ टेकता येईल अशा जागेत सगळे एकदम कोंबले जातात. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा देशातले ज्ञात रुग्ण सहाशेच्या आत होते. १० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात कामगार रस्त्यावर उतरले, गाड्या जळाल्या; चार दिवसांनी वराछात हजारो जमले; ४ मे रोजी कडोदऱ्याजवळ वरेलीत पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. मागणी एकच होती: पगार द्या आणि गावी जाऊ द्या. श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा मे उजाडला होता आणि देशातल्या रुग्णांची संख्या ३५ हजारांवर गेली होती. म्हणजे रोग कमी असताना माणसे कोंडली आणि रोग वाढल्यावर सोडली. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने तपासणीत निर्दोष ठरल्याखेरीज कुणाला राज्यात घेऊ नये असा आदेश ७ मे रोजी दिला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. भाडे कुणी भरायचे हा घोळ मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालला आणि कामगाराकडून भाडे घेऊ नये हे सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले.

आता यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप: गाव वाचवायचे तर शहरातून कुणाला सोडताच कामा नये, गंजाममध्ये जुलैत साथ भडकली हे त्याचेच उदाहरण. आक्षेपात तथ्य आहे. पण गंजामचे उदाहरण उशिरा सोडण्याविरुद्धही तितकेच बोलते. थांबवायचे तर जागा, धान्य आणि मजुरी देऊन थांबवावे. सोडायचे तर वेळेत, तपासून, तिकीट देऊन सोडावे. यांपैकी एकही न करता चाळीस दिवस एका खोलीत ठेवून मग गाडीत बसवणे, यात दोन्ही मार्गांचे तोटेच पदरात पडतात. दुसरा आक्षेप संख्येचा. हजारो प्रचारकांची यादी ठेवणे सोपे, लाखो मजुरांची कशी ठेवणार? लाखो मजूर एका मालकाकडे नसतात. प्रत्येक कारखान्यात कुणी किती मीटर विणले याचा हिशेब रोज लिहिला जातो, कारण त्यावर पैसे ठरतात. मीटर लिहिता येतात तिथे माणसाचे नाव, गाव आणि वयही लिहिता येते. शिवाय शेवटी सरकारने चार हजारांहून अधिक श्रमिक गाड्या चालवून साठ लाखांहून अधिक लोक पोहोचवलेच. जे मेमध्ये जमले त्याची तयारी आधी करता आली असती.

आणि हे काही नवे मागणे नाही. ओडिशातल्या दादन, म्हणजे उचल देऊन ठेकेदारामार्फत परराज्यात नेल्या जाणाऱ्या, मजुरांच्या पिळवणुकीवरूनच १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या कामगारांची नोंदवही, मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरी एवढे सगळे त्यात लिहिलेले होते. मुकादमाला कागदावर ठेकेदार म्हणायचेच नाही, ही पळवाट पुरेशी ठरली. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला, आणि पाच कामगारांची किमान मर्यादा दहावर नेली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले या प्रश्नावर केंद्राने संसदेत उत्तर दिले, की अशी माहिती ठेवलेली नाही. जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सापडले, त्यांची बातमी झाली म्हणून ते आपल्याला माहीत आहेत.

काही जण म्हणतील, धर्मप्रचारक किंवा स्वयंसेवक यांच्याशी मजुराची तुलना कशाला. ते ध्येयासाठी गेलेले, हा पोटासाठी. मग आपल्याकडचेच उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलीस दलातले काही कर्मचारी करोनाने गेल्यावर आयुक्तांनी ५५ वर्षांवरील पोलिसांना घरी थांबायला सांगितले. वय पाहून माणसाला धोक्यातून बाजूला काढण्याचा हा निर्णय मॉर्मन चर्चच्या निर्णयाचाच भाऊ होता, आणि त्यात पगार बुडाला नाही, नोकरी गेली नाही. कारण पोलिसाचे नाव, वय आणि हुद्दा हजेरीपटावर आहे. ध्येय, धर्म किंवा देश यांमुळे फरक पडत नाही. पडतो तो नोंदीमुळे. यंत्रमागावरच्या पन्नाशीच्या कारागिरालाही दमा असतो, सुताच्या तंतूंनी त्याची छाती भरलेली असते. पण त्याचे वय विचारणारे कुणी नव्हते.

‘गावच त्याला सांभाळतो’ हेही एक आवडते समाधान आहे. गाव आसरा देतो, रोजगार देत नाही. दिला असता तर तो सुरतेला आलाच नसता. म्हणूनच परतलेल्यांपैकी बरेच जण काही महिन्यांत पुन्हा मागावर उभे होते, आणि एप्रिलमध्ये हात वर करणारे काही मालक माणसे परत आणायला बसची सोय करत होते. न्यायला गाडी मिळते, सोडायला मिळत नाही, यावरून सोयीचा प्रश्न पैशाचा नव्हता एवढे सिद्ध होते.

२०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि तीस कोटींहून अधिक नावे तिथे आली, ही चांगलीच गोष्ट. पण त्या यादीत कामगार आहे, त्याचा मालक नाही. म्हणून परतीचे देणे कुणाकडून वसूल करायचे हे त्यावरून कळत नाही. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवते. मुलाला त्याच्या भाषेत शिकवण्याइतके शहाणपण ज्या शहराकडे आहे, त्याला बापाचे नाव हजेरीपटावर घेणे अवघड नाही. नव्या श्रमसंहितेची अंमलबजावणी करताना गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी मीटरवर मजुरी देणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आणि ऊसतोडीच्या प्रत्येक मुकादमाला एवढी एक अट घालावी: नाव, वय, गाव आणि परतीच्या भाड्याची जबाबदारी लेखी असल्याशिवाय माणूस कामावर घेता येणार नाही. पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हाती नाही. ही नोंदवही मात्र उद्या सकाळी सुरू करता येते.