पाच मायक्रोलिटरचा हिशेब

हिरो होंडा स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. टॉप गिअरमध्ये ही गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा तिचा क्रँक साधारण सहा हजार वेळा फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, म्हणजे किलोमीटरला तीन हजार घोट. गाडी लिटरला पासष्टचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला पंधरा मिलिलिटर पेट्रोल जातं, आणि ते या तीन हजार घोटांत सारखं वाटायचं असतं. एका घोटाच्या वाट्याला येतं ०.००५ मिलिलिटर, म्हणजे पाच मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. हा त्याचा दहावा हिस्सा झाला.

गाडी लाखभर किलोमीटर चालली की ही वाटणी तीस कोटी वेळा झालेली असते. साध्या कार्ब्युरेटरला त्यासाठी वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. पितळेचे दोन-तीन जेट, एक सुई, एक फ्लोट आणि ओतीव धातूचं घर, एवढ्यावर काम चालतं. २०१८-१९ या एका वर्षात देशात सुमारे २ कोटी ११ लाख दुचाक्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक कार्ब्युरेटरवाल्या होत्या. त्या रोज वीस किलोमीटर धावतात असं धरलं, तर फक्त त्या एका वर्षाच्या गाड्या दिवसाला सव्वा लाख कोटी वेळा पेट्रोल मोजून घेतात. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन बसलं. जुन्या कोट्यवधी गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचं दुखणं घरच्या घरी ओळखता येतं, दुरुस्तही करता येतं. त्यासाठी आधी आतल्या मापांचा अंदाज हवा.

आठ हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला सहासष्ट घोट घेतं. एक घोट सेकंदाचा अडीचशेवा भागसुद्धा टिकत नाही. कार्ब्युरेटरचा घसा अठरा मिलिमीटरचा धरला, तर तेवढ्या वेळात त्यातून हवा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. गाडी स्वतः जेमतेम नव्वद गाठते! वेग वाढला की दाब उतरतो, हे डॅनियल बर्नुलीने १७३८ साली मांडलं. इथे तो उतरतो फक्त चार टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा फरकावर पेट्रोल जेटमधून वर चढतं, फवारा होतं आणि हवेत मिसळतं. एका लिटर पेट्रोलला जळायला नऊ हजार लिटर हवा लागते, त्यामुळे हे मिसळणं म्हणजे मुळातच फार थोड्याची फार जास्तीशी गाठ आहे.

आता पायलट जेट. आयडलिंगचं पेट्रोल याच्यातून येतं. केहिनच्या जेटवर ३५ आकडा असेल तर भोक साधारण ०.३५ मिलिमीटरचं, म्हणजे चार-पाच केसांच्या जाडीचं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळसर, चिकट थर राहतो. वाटी उघडली की आंबूस, रंगासारखा वास येतो, तो याचाच. हा थर भोकाच्या भिंतीवर फक्त ०.०२ मिलिमीटर जमला तरी व्यास ०.३१ वर येतो आणि भोकाचं क्षेत्रफळ बावीस टक्क्यांनी घटतं. डोळ्याला दिसतही नाही अशा थराने पाचवा हिस्सा पेट्रोल अडतं. मग लक्षणं ठरलेली: सकाळी चोकवर सुरू होते, चोक काढला की बंद, सिग्नलला थांबली की मरते, पळताना मात्र तक्रार नाही. थोडा चोक ओढल्यावर रेस सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की समजावं.

इथेच सर्वांत मोठी हानी होते. जेट चोंदला म्हणून आपण त्यात पिन किंवा स्टीलची तार घालतो. पितळ मऊ असतं. ०.३५ चं भोक ०.३८ झालं की क्षेत्रफळ अठरा टक्क्यांनी वाढलं, आणि ते कधीच परत येणार नाही. गॅरेजमध्ये एका मिनिटात उरकलेली ही सफाई पुढची कित्येक वर्षं पेट्रोल पीत राहते, आणि याची मला मनापासून चीड आहे. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवावा, हवेच्या दाबाने फुंकावा, मग उजेडाकडे धरून पाहावा: भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी. चष्मे धुण्याचं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळालं तर उत्तमच. त्यात सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपनं होतात आणि घराच्या आतल्या वाकड्या नळ्यांतली घाणही सुटते. रबरी ओ-रिंग त्याआधी काढून ठेवाव्यात, क्लीनरने त्या फुगतात.

सुईची गोष्ट आणखी बारीक आहे. तिच्या जेटचं भोक २.६० मिलिमीटर आणि त्यात लोंबणारी सुई २.५० ची असेल, तर पेट्रोलला वाट मिळते ती भोवतालच्या कड्याएवढी. वर्षानुवर्षं घासून ते भोक २.६३ झालं, तर त्या कड्याचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं. तीन शतांश मिलिमीटरची झीज, आणि अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल तीस टक्के जास्त! प्लग काळा, काजळी धरलेला, अ‍ॅव्हरेज घसरलेलं. आणि मालक मात्र पायलटचा स्क्रू फिरवत बसलेला. अशा वेळी सफाईने काही होत नाही, सुई आणि तिचा जेट जोडीनेच बदलावे लागतात.

वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची पिन तर वेगळीच. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. मधली उंची तीस सेंटिमीटर धरली आणि पिनची सीट दोन मिलिमीटरची, तर दहा लिटरची टाकी त्या पिनवर ढकलते ती पाऊण ग्रॅमच्याही आतल्या जोराने. फ्लोट तेवढाच जोर परतवतो. म्हणूनच पिनच्या टोकावर नखाला जाणवेल अशी खाच पडली किंवा कचऱ्याचा एक कण अडकला की गाडी ‘ओव्हर’ होते. सेकंदाला एक थेंब गळाला, तर रात्रीच्या दहा तासांत छत्तीस हजार थेंब, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त. ते फरशीवर सांडलं तर निदान कळतं. आत उतरलं तर ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर आधी ऑइल बदलावं, गाडी मगच सुरू करावी. हे सगळं काम उघड्या हवेत करायचं, गॅसच्या शेगडीपासून लांब. वाटी काढण्याआधी टाकीचा कॉक बंद.

जोडताना मिक्श्चर स्क्रू किती फेरे उघडा होता ते आधी मोजून ठेवावं, बहुतेक गाड्यांत तो दीड-दोन फेऱ्यांच्या आसपास असतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की घट्ट. इंजिन गरम असताना पाव-पाव फेरा फिरवत जावं.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हिशेबही याच मापात बसतो. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरने हे सांभाळून घेते. कार्ब्युरेटर तेवढंच इंधन मोजतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. शंभर नंबरचा मेन जेट १०४ केला तर भरपाई होते. चार शतांश मिलिमीटरचा बदल.

लडाखला गाडी नेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना उलटा अनुभव येतो. खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्केच उरते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून मिश्रण तीस टक्क्यांनी घट्ट होतं, गाडी काळा धूर सोडते आणि पहिल्या गिअरलाही कुरकुरते. शंभरच्या जागी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा मेन जेट घातला की ती मोकळा श्वास घेते. पण तोच जेट ठेवून खाली मैदानात ताशी सत्तरने पळवली, तर मिश्रण जवळजवळ पाव हिश्श्याने पातळ राहतं आणि पिस्टन तापून धरतो. म्हणून घाट उतरल्यावर, पहिल्याच मुक्कामाला, मूळ जेट परत बसवायचा.