ताम्रपटातला सुभेदार आणि शिळेवरचा नाखवा

कोणत्याही जुन्या पेठेत जा. अत्तरवाला, बागवान, तांबट, मणियार, रंगारी, कुणालाही विचारा, "चाचा, तुमचे घराणे या धंद्यात कधीपासून?" उत्तर ठरलेले, "वाडवडिलांपासून." किती पिढ्या? चाचा बोटे मोडतात, चौथ्या बोटावर थांबतात आणि हसतात. कागद आहे का? "होता. घर पाडले तेव्हा गेला."

ज्या समाजाने हिंदुस्थानला समुद्राचा व्यापार करताना हजार वर्षांहून अधिक काळ पाहिला, त्याच्याकडे स्वतःच्या धंद्याचा एक कागद निघत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण भेटतो ते लढायांच्या पानांवर. तराजू घेऊन, गलबत घेऊन, शिडी लावून चुना मारताना आपण तिथे भेटत नाही. पण पुस्तकात नसले तरी तांब्यावर आणि दगडावर आपली नोंद आहे, आणि ती आपण केलेली नाही. ती संस्कृतात आहे, शेजाऱ्यांच्या साक्षीने केलेली आहे. आज अशाच दोन दस्तांची ओळख व्यापारी बंधूंना करून द्यायची आहे.

चिंचणीचा ताम्रपट

पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात समुद्रकाठी चिंचणी हे गाव आहे. तेथे काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके 848, म्हणजे इ.स. 926 सालचा आहे. तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचे राज्य होते, राजधानी मान्यखेट, आजचे मालखेड. गादीवर तिसरा इंद्रराज होता.

या ताम्रपटात किनाऱ्यावरच्या संयान मंडलाच्या, म्हणजे आजच्या गुजरातेतील संजाणच्या मुलखाच्या कारभाऱ्याचे नाव आहे. 'मधुमति' असे ते नाव, आणि तो 'ताजिक' होता असे स्पष्ट लिहिले आहे. ताजिक म्हणजे अरब. मधुमति हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याच्या बापाचे नाव सहियारहार असे कोरले आहे, ते मूळ शहरियार असावे असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला हा मुलूख कारभारासाठी दिला होता. आसपासच्या बंदरांचे नायक त्याने मालकासाठी जिंकले आणि तेथे आपले अधिकारी बसवले, असेही ताम्रपट सांगतो.

वाचकहो, नीट लक्षात घ्या. हा काळ महंमूद गझनवीच्या स्वाऱ्यांच्या शंभर वर्षे आधीचा आहे. हा मुसलमान येथे हिंदू राजाचा सुभेदार म्हणून बसला होता. तलवार त्याच्याकडे होती, पण ती राजाच्या चाकरीतली होती.

या सुभेदाराच्या कारभारात काय झाले? दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू झाली, म्हणजे माल आणि माणूस विनामूल्य पलीकडे जाऊ लागला. संयानात अन्नछत्र उघडले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. एका ब्राह्मणाने देवीच्या पूजेसाठी मठिका बांधली, तेव्हा तिच्या खर्चासाठी या मुहम्मदने राजाच्या संमतीने एक गाव आणि दुसऱ्या गावातील जमीन लावून दिली. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि नऊ माणसांचे जेवण हे त्या उत्पन्नातून भागायचे होते.

बंदर चालवायचे तर रस्ता, उतार, अन्न आणि शांतता लागते, हे त्याला कळत होते. जकात त्यानंतर येते. आजही ज्या बाजारात गाडी लावायला जागा नाही आणि प्यायला पाणी नाही, त्या बाजारात गिऱ्हाईक येत नाही.

पुढे या मठिकेचा आणि शेजारच्या देवळाचा जागेवरून तंटा झाला. ते देऊळ राजस्थानातील भिल्लमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांचे होते. तंटा कसा मिटला? मठिकेने देवाला वर्षाला 40 द्रम्म द्यावेत असे ठरले, आणि तेही तांब्यावर कोरून ठेवले. म्हणूनच हजार वर्षांनी आपल्याला ते वाचता येते.

चौलचा हुनरमन

त्याच सुमारास, हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916च्या आसपास, बगदादचा प्रवासी मसूदी आपल्या कोकणात आला. रायगड जिल्ह्यातील चौल हे तेव्हाचे मोठे बंदर, अरब त्याला सैमूर म्हणत. तेथे सुमारे 10 हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसरा-बगदादचे. आणि कितीतरी येथेच जन्मलेले. त्यांना तो 'बयासिरा' म्हणतो. म्हणजे दहाव्या शतकातच आपल्यातले कितीतरी लोक परदेशी उरले नव्हते, ते कोकणचे झाले होते.

या वस्तीचा एक प्रमुख असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. मुसलमानांचे आपसातले तंटे तो सोडवी, आणि त्याला हा अधिकार स्थानिक राजाने दिलेला असे. मसूदीच्या वेळी या पदावर अबू सईद मारूफ बिन झकरिया होते. खलाशांच्या कथांच्या दुसऱ्या एका अरबी ग्रंथात सैमूरच्या अब्बास बिन माहान या हुनरमनचे नाव येते.

हुनरमन हा शब्द फारसी 'हुनर'वरून आला. मराठीतला आपला 'हुन्नर' तोच. कसबी माणूस तो हुनरमंद. म्हणजे जमातीच्या प्रमुखाला कसबी माणूस म्हणायची आपली रीत होती. कारीगर बंधूंनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे.

सोमनाथ पट्टणचा दस्त

आता दुसरा दस्त. हा तर प्रत्येक व्यापाऱ्याने डोळ्यांखालून घालावा असा आहे. वेरावळला हर्षद मातेच्या देवळात हा संस्कृत शिलालेख आढळला. त्याचा जोडीदार अरबी शिलालेखही उपलब्ध आहे. साल 1264. गुजरातेत वाघेला राजा अर्जुनदेव राज्य करीत होता.

इराणच्या आखातातील होर्मुझ बंदराचा एक नाखवा, नूरुद्दीन फिरोज त्याचे नाव, व्यापारासाठी सोमनाथ पट्टणला येत असे. त्याला मशीद बांधायची होती. त्याने शहराबाहेर जागा घेतली ती श्री छाडा या स्थानिक प्रतिष्ठिताकडून, गावच्या मोठ्या माणसांच्या समक्ष. दस्तात या छाडाला नूरुद्दीनचा 'धर्मबांधव' म्हटले आहे. गावच्या पंचकुलाची संमती होती, आणि त्या पंचकुलाचा पुरोहित वीरभद्र हा पाशुपत शैव आचार्य होता.

महंमूदाने याच सोमनाथवर 1026 मध्ये स्वारी केली होती. तिला 240 वर्षेही झाली नव्हती. देऊळ उभे होते, आठवण असणारच. तरीही त्याच गावाने एका मुसलमान नाखव्याला मशिदीसाठी जागा विकली. हे भाबडेपणाने झाले नाही. नूरुद्दीनचे जहाज येई तेव्हा बंदर चाले, आणि त्याचा शब्द खरा होता. पत ज्याची असते त्याला जागा मिळते.

दस्ताचा मजकूर

बांधकामाबरोबर नूरुद्दीनने उत्पन्नाची सोय केली. घरे असलेली एक मालमत्ता विकत घेतली, जी देवस्थानांच्या ताब्यातली होती. एक तेलाचा घाणा घेतला. मशिदीसमोरची दोन दुकाने घेतली. हे सारे मशिदीला लावून दिले.

खर्चाच्या बाबीही लिहिल्या. दिव्याचे तेल, पाणी, खतीब आणि मुअज्जिन यांचा पगार, कुराणपठण, नाखव्यांच्या सणांचा खर्च, इमारतीची डागडुजी. इतके भागून जे उरेल ते मक्का आणि मदिनेला पाठवावे. म्हणजे जमा कुठून, खर्च कशावर आणि शिल्लक कुठे जायची, हा पूर्ण ताळेबंद दगडावर आहे.

देखरेख कुणी करायची? येथे कारीगर बंधूंनी कान द्यावा. दस्तात कुणा एका घराण्याला मुतवल्ली केलेले नाही. संस्कृत लेखात 'जमाथ' हाच शब्द वापरून गटांची नावे घातली आहेत. नाखवे आणि खलाशी यांची जमात, घाणेवाल्या तेल्यांची जमात, चुनेवाल्यांची जमात. जहाजाचा मालक आणि भिंतीला चुना मारणारा एकाच ओळीत विश्वस्त. जातपात आणि बिरादरीवरून मशिदीच्या कमिटीत हाणामाऱ्या करणाऱ्यांनी ही ओळ वाचून थोडे शरमावे.

आणखी दोन गोष्टी पाहा. लेखाला चार सनांची तारीख आहे. रसूल मुहम्मदांचा सन 662, विक्रम संवत 1320, वलभी संवत 945 आणि सिंह संवत 151. ज्याला जो सन कळतो त्याने तो वाचावा, तारखेवरून वाद नको. आणि व्यवहाराचा बारीक तपशील संस्कृत लेखात आहे, अरबी लेखात थोडक्यात आहे. उघड आहे, उद्या तंटा पडला तर पंच स्थानिक, म्हणून दस्त त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवा. त्या लेखाच्या आरंभी परमेश्वराला विश्वनाथ, शून्यरूप, विश्वरूप अशा नावांनी नमन केले आहे, आणि मशिदीला 'मिजिगिति' म्हटले आहे. शेजाऱ्याच्या भाषेत बोलल्याने नूरुद्दीनचा ईमान कमी झाला नाही.

आपण कुठे आहोत?

आता आपल्या गावाकडे वळू या. मशिदीची चार दुकाने असतात. भाडे कधी ठरले ते कुणाला आठवत नाही. शंभर रुपयांवर बसलेला भाडेकरू शेजारच्या गाळ्याला हजारो मिळतात हे जाणतो. देणाऱ्याने जबानी दिले, घेणाऱ्याने जबानी घेतले, आणि दोघेही कबरस्तानात गेले. 2025 मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालमत्तांच्या नोंदी सरकारी पोर्टलवर चढवायची वेळ आली, तेव्हा किती जमातींना कपाटे धुंडाळावी लागली हे आपण पाहिले आहे. नूरुद्दीनच्या जमातीला ही धावपळ करावी लागली नसती.

धंद्यातही तेच. भागीदारी सख्ख्या भावांची म्हणून कागद नाही. उधारी मित्राची म्हणून सही नाही. कारखाना एकाच्या नावावर, भांडवल दुसऱ्याचे, मेहनत तिसऱ्याची. मग वारसांत कोर्टकज्जे. कर्ज-उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, हा तर कुराणच्या सूरा बकराचा स्पष्ट हुकूम आहे. त्या नाखव्याने तो पाळला, आपण विसरलो.

म्हणून चार गोष्टी कराव्यात. पहिली, जमातीच्या प्रत्येक मालमत्तेची एक वही करा. जागा, हद्द, भाडेकरू, भाडे, करार कधी संपतो, सारे त्यात यावे. दुसरी, कमिटीत दुकानदाराबरोबर कारीगरालाही बसवा आणि हिशेब वर्षातून एकदा जाहीर वाचा. तिसरी, भागीदारीचा कागद मराठीत करा, दोन साक्षीदार घ्या, नोंदणी करा. चौथी, घरातल्या जुन्या वह्या, बिले, परवाने, सनदा रद्दीत घालू नका. मोडी किंवा फारसी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. तुमच्या आजोबांची खतावणी हाही एक ताम्रपटच आहे, फक्त तांब्याऐवजी कागदाचा. त्याला वाळवी लागते एवढाच फरक.

जमा, खर्च, बाकी, वसूल, दुकान, दलाल, तराजू, बंदर, हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि गावोगावच्या खातेवहीत बसले. मारवाड्याच्या, वाण्याच्या, बोहऱ्याच्या, सगळ्यांच्या. त्यांना आता कुणी परके म्हणत नाही. रोजच्या व्यवहारात ते उपयोगी पडले, म्हणून टिकले.

संजाणच्या मुहम्मदची नाव आज चालत नाही, नूरुद्दीनचा घाणाही बंद पडून शतके झाली. लिहिलेले मात्र राहिले. उद्या सकाळी दुकान उघडाल तेव्हा गल्ल्यावर बसण्यापूर्वी एक नवी वही घ्या, आणि पहिल्या पानावर लिहा, हे दुकान कुणी, कधी आणि किती भांडवलावर सुरू केले. चाचांना विचारून आजच लिहा. चौथ्या बोटाच्या पुढचे सांगणारे तेच शेवटचे.