आरसी कार मध्येच 'हँग' होते? रेडिओच्या आधी बॅटरीची बाजू तपासा

"मामा, तुझी गाडी परत हँग झाली!" सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याने हे इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी गाडी त्याच्याकडून काढूनच घेतली. नुसती थांबत असती तर एकवेळ चाललं असतं. पण दीड-दोन सेकंद ती कुणाचंच ऐकायची नाही आणि तेवढ्या वेळात आहे त्या वेगात सरळ घरंगळत जायची. शेवटच्या वेळी समोर एका लहान मुलीची तीनचाकी सायकल होती. थोडक्यात वाचली.

माझा पहिला संशय अर्थातच वाय-फायवर. प्रत्येक घरात राउटर, आणि गाडीचा रिमोटही २.४ गिगाहर्ट्झचाच. नवा ट्रान्समीटर कार्टमध्ये टाकूनही झाला होता. घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

जुन्या खेळण्यातल्या गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालायच्या. तिथे खरंच गोंधळ व्हायचा, एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी वळायची. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर मात्र 'बाइंड' करताना आपल्याच ट्रान्समीटरची ओळख लक्षात ठेवतो, आणि यातल्या बऱ्याच सिस्टीम सेकंदाला अनेकदा चॅनेल बदलत राहतात. राउटरने एखाद-दुसरं पॅकेट खाल्लं तरी पुढचं पोचतं. १५-२० मीटरवर गाडी पूर्ण दोन सेकंद बहिरी होणं हे त्याच्याने सहसा होत नाही.

म्हणून आधी एवढंच बघा, की त्रास होतो कधी? गाडी लांब गेल्यावर होत असेल तर रेडिओ. जवळ असतानाही, जोरात थ्रॉटल दाबला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की होत असेल, तर पॉवर. माझी गाडी तीन फुटांवरही हँग व्हायची. हे मला आधी दिसायला हवं होतं, पण एकदा वाय-फायवर खापर फोडलं की डोकं पुढे चालत नाही.

आता आत काय होतं ते बघू. रिसीव्हरला वेगळी बॅटरी नसते. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीमध्येच 'बीईसी' नावाचं छोटं सर्किट असतं. ते मुख्य बॅटरीतून ५ किंवा ६ व्होल्ट तयार करून रिसीव्हर आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला देतं. समजा ७.२ व्होल्टची बॅटरी आहे आणि सुटताना मोटरने क्षणभर ४० अँपिअर ओढले. जुनी बॅटरी, वायर आणि सैल कनेक्टर मिळून रेझिस्टन्स फक्त ०.०५ ओहम धरला, तरी ४० गुणिले ०.०५ म्हणजे २ व्होल्ट वाटेतच गेले. बीईसीपर्यंत पोचले ५.२. साध्या लिनिअर बीईसीला ५ व्होल्ट द्यायला इनपुट त्याहून बरंच जास्त लागतं. मग रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं आणि तो रीस्टार्ट होतो. ट्रान्समीटर पुन्हा सापडेपर्यंत जो वेळ जातो, तेच आपलं 'हँग'.

मल्टिमीटरने मला इथे चांगलंच फसवलं. रिसीव्हरवर सतत ५.१ व्होल्ट! साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच रीडिंग बदलतो, काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही. मग मी बॉडी काढली, मोटरच्या वायरी सोडवल्या, पुढची चाकं हाताने घट्ट धरली आणि स्टिअरिंग फिरवलं. फोनच्या स्लो-मोशनमध्ये रिसीव्हरचा एलईडी शूट करत होतो. सर्व्होने जोर लावला त्याच क्षणी एलईडी विझला.

म्हणजे मोटर जोडलेली नसतानाही घोळ होता. मग आठवलं, दोन महिन्यांपूर्वी मीच मेटल गिअरचा दणकट सर्व्हो बसवला होता. ऑफिसमध्ये बग आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, 'शेवटचा बदल काय केला?' घरी तो सुचायला दोन महिने लागले. जुना बीईसी १ अँपिअरचा, आणि असा सर्व्हो अडकला की त्याहून कितीतरी जास्त ओढतो.

खात्री करायला चार पेन्सिल सेलचा बॉक्स घ्या आणि त्यातून रिसीव्हरला वेगळी पॉवर द्या. त्याआधी ईएससीकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या तीन वायरींपैकी मधली लाल वायर प्लगमधून काढून टेप लावा, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतील. काळी तशीच राहू द्या. रिसीव्हरला किती व्होल्ट चालतात तेही वाचून घ्या. असं करून त्रास गेला, तर रेडिओ निर्दोष.

माझा इलाज होता वेगळा स्विचिंग बीईसी, ५ अँपिअरचा. काहीजण रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. क्षणभराची घसरण तो भरून काढतो, पण बीईसीच अपुरा असेल तर ती मलमपट्टीच. लावलात तर १० व्होल्ट किंवा जास्तीचा घ्या आणि प्लस-मायनस नीट बघा, उलटा लागला तर फुटतो. सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे पाच मिनिटं गाडी पळवून बॅटरीच्या कनेक्टरला हात लावणं. चटका बसत असेल तर व्होल्ट तिथेच जळतायत.

दोष खरंच रेडिओचा निघाला तर दोन जागा बघा. रिसीव्हरच्या अँटेनाचं टोकाचं सुमारे ३१ मिलिमीटर उघडं असतं, म्हणजे तरंगलांबीचा चौथा भाग. ते तुटलंय का, किंवा बॅटरीखाली, कार्बन फायबरच्या चासीला चिकटून दबलंय का? दुसरी जागा ब्रशवाली मोटर. ब्रशच्या ठिणग्या म्हणजे एक छोटं नॉइज स्टेशनच, जुन्या मेगाहर्ट्झवाल्या गाड्यांना त्याचा फार त्रास. मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये एक आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याला एक, असे '१०४' छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

मुलांच्या हातात गाडी परत देण्याआधी ती डब्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, थोडा थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटचा हुकूमच धरून ठेवतात. तसं झालं तर मॅन्युअलमध्ये 'फेलसेफ' शोधून थ्रॉटल न्यूट्रलवर सेट करा. माझ्या गाडीत तो सेटच नव्हता.